गुडघ्याला मॉक्साचा शेक कसा द्यावा

अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं की आपल्याला सुयाच आठवतात. पण चिनी भाषेत या उपचाराचं नाव 'झेनजिऊ': 'झेन' म्हणजे सुई, 'जिऊ' म्हणजे मॉक्साचा शेक. मॉक्सा म्हणजे वाळवून, कुटून कापसासारखा मऊ केलेला पाला. जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच गोत्रातलं हे झाड. चीनमध्ये हूबेइ प्रांतातल्या छीछुनचा पाला नावाजलेला आहे. आईचे गुडघे थंडीत आखडतात म्हणून सुयांच्या जोडीला हा शेक मी चार हिवाळे देते आहे.

शेक द्यायला हा पाला कागदात घट्ट गुंडाळून केलेली कांडी मिळते. ती जुन्या, पिवळसर पाल्याची घ्या. हिरवट कांडी भसाभस जळते आणि ठिणग्या उडतात. खिडकी उघडा, पंखा बंद करा.

शेक द्यायच्या जागेचं नाव झूसानली. गुडघा वाकवला की वाटीखाली बाहेरच्या अंगाला खळगा लागतो. तिथून खाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. बोटं मोजायची ती ज्याला शेक द्यायचा त्याची.

मेणबत्तीवर कांडीचं सगळं टोक लाल होऊ द्या.

आता अंतर. 'तीन सेंटिमीटरवर धरा' एवढंच सांगून सगळे मोकळे होतात. तीन सेंटिमीटर ही फक्त सुरुवात. निखाऱ्यावर राख साचली की ऊब कमी होते आणि हात नकळत खाली जातो. मग राख गळते आणि उघडा निखारा कातडीला भिडतो. पहिल्या हिवाळ्यात आईच्या नडगीवर तुरीच्या दाण्याएवढा फोड आला तो असाच. ती बोललीही नाही, कारण 'चटका बसल्याशिवाय गुण येत नाही' असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं. मुद्दाम फोड आणायची पद्धत चीनमध्ये होती, पण ते घरी करायचं काम नव्हे. शेक उबदार, सुखाचा वाटला पाहिजे.

म्हणून कांडी पेनासारखी धरा आणि करंगळी पायावर टेकवा, म्हणजे हात घसरत नाही. डाव्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना ठेवा. तुमच्या बोटांना पोळलं की कांडी लगेच वर. राख नखाएवढी जाड व्हायच्या आत पायापासून लांब, स्टीलच्या वाटीत झाडा. आणि विचारत राहा, "आई, ऊब आहे की चटका?"

दहा-पंधरा मिनिटं पुरे. कातडी गुलाबी झाली की थांबा.

मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना हा शेक देऊ नका. त्यांना पोळल्याचं कळत नाही. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर तर मुळीच नको. दमेकऱ्याला धूर सोसत नाही.

कांडी पाण्यात बुडवली तर वाया जाते, नुसती दाबली तर आतून धुमसत राहते. टोक कोरड्या वाळूत खुपसा. तासाभराने हाताला पूर्ण गार लागली तरच कपाटात ठेवा.