चिंपांझींचा अभ्यास करायचाय? आधी काजूच्या बागेत बसा

प्राणिशास्त्राला प्रवेश घेतलेली आमच्याकडची मुलं-मुली मला हमखास विचारतात, ‘ताई, चिंपांझींवर काम करायला आफ्रिकेत कसं जायचं?’ सगळ्यांनी चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्यावरची एखादी चित्रफीत पाहिलेली असते. १९६० साली टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात एक चिंपांझी वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाताना त्यांना दिसला. हत्यार वापरतो तो फक्त माणूस, ही समजूत तिथून ढासळायला लागली. हे सगळं खरंच. पण ‘गुडॉलबाईंकडे तर पदवीसुद्धा नव्हती’ हे पुढचं वाक्य ऐकलं की मी हात जोडते. तो काळ गेला. आज अर्ज करणाऱ्याकडे एमएस्सी असते, आकडेशास्त्र येत असतं आणि निरीक्षणाच्या वह्या भरलेल्या असतात. पहिल्या दोन गोष्टी कॉलेजात मिळतात. तिसरी मला वेंगुर्ल्याजवळच्या काजूच्या बागांत मिळाली.

कोकणात चिंपांझी नाहीत, गोरिला नाहीत, ओरांगउटान नाहीत. भारतात बिनशेपटीचा वानरवर्गीय, म्हणजे कपी, असा फक्त हुलॉक गिबन, तोही ईशान्येकडच्या जंगलांत. आपल्याकडे आहेत ती लालतोंडी टोपीवाली माकडं आणि काळतोंडे वानर. ‘मग माकडं बघून काय उपयोग?’ असं वाटत असेल, तर फेब्रुवारी ते मे एखाद्या काजूच्या बागेत बसून बघा.

माकड झाडावर येतं, पिकलेलं बोंडू (काजूचं रसाळ फळ) तोडतं, रस गळेपर्यंत चावतं आणि बी खाली टाकून देतं. बीच्या सालीत जो चीक असतो त्याने कातडी भाजते, हे ओले काजूगर सोडवणाऱ्या कोणत्याही बाईचे हात बघितले की कळेल. एका सकाळची माझी नोंद अशी आहे: ‘प्रौढ मादी, डाव्या कानाला खाच. उजव्या हातात बी. हुंगली. गडग्याच्या चिऱ्यावर दोनदा घासली. पुन्हा हुंगली. टाकली. हात गवतात पुसला.’ (गडगा म्हणजे दगडी कुंपण.)

आता गंमत बघा. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेला. ब्राझीलच्या सेरा दा कापिवारा भागातली कापुचिन माकडं हीच बी दगडाच्या ऐरणीवर ठेवतात, दुसऱ्या दगडाने फोडतात आणि आतला गर खातात. तिथल्या उत्खननात त्यांचे शेकडो वर्षांपूर्वीचे दगड सापडले आहेत. झाड तेच, बी तीच, दगड आपल्याकडेही हवे तेवढे. मग आमच्या खाच असलेल्या मादीने बी टाकून का दिली? ती मठ्ठ आहे म्हणून?

चिंपांझी-गोरिलांसारख्या मोठ्या कपींच्या अभ्यासातला सगळ्यात रसाळ प्रश्न हाच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातल्या बोसू इथले चिंपांझी तेलमाडाच्या बिया दगडांनी फोडतात. कोत दिव्हारच्या (आयव्हरी कोस्टच्या) ताई जंगलातलेही कठीण कवचाची फळं फोडतात, आणि तिथे ही कला ४,००० वर्षांहून जुनी असल्याचं जमिनीतल्या दगडांवरून दिसलं. गोम्बेत तेलमाड आहेत, दगड आहेत, वाळवी काढण्याइतकी हुशारीही आहे, पण बिया फोडायचं नाव नाही. बोसूपासून जवळच, निंबा डोंगरातल्या एका कळपासमोर संशोधकांनी बिया आणि दगड मुद्दाम मांडून ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की एकानेही बी फोडली नाही. बोसूची पिल्लं आईच्या मांडीशी बसून वर्षानुवर्षं बघतात, दगड उलटसुलट ठेवून खटपट करतात आणि तीन ते पाच वर्षांची झाली की त्यांना ते जमायला लागतं. म्हणजे नुसतं डोकं असून भागत नाही. दाखवणारं कोणीतरी लागतं, आणि जवळ बसू देणारी आई लागते.

म्हणून ‘अमुक प्राणी किती हुशार’ असं मोजायला निघू नका. कोणता कळप काय करतो, काय करत नाही आणि पिल्लू ते कोणाकडून उचलतं, हे विचारा. सुमात्रातल्या सुआक बालिंबिंगचे ओरांगउटान काडीने नीसिया नावाच्या झाडाच्या काटेरी फळातल्या बिया काढतात. काँगोतल्या गुआलूगोचे चिंपांझी वाळवीसाठी दोन हत्यारं बाळगतात: जाड काठीने भोक पाडायचं, मग टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बारीक काडी आत घालायची. आणि आपली टोपीवाली माकडंही अगदीच कोरडी नाहीत. एका जंगली मादीने काड्या-पानं मोडून, हवी तशी करून अंग खाजवायला वापरल्याची नोंद माकडांचे अभ्यासक अनिंद्य सिन्हा यांनी १९९७ साली छापली होती.

नवख्यांची गल्लत होते ती ‘हत्यार’ कशाला म्हणायचं इथे. माकडाने शहाळं गडग्यावर आपटलं तर ते हत्यार नव्हे, कारण गडगा हातात नाही. सुटा दगड उचलून शहाळ्यावर मारला, तर हत्यार. हा फरक बागेतच अंगवळणी पडतो. तसंच ‘रागावली’, ‘विचार करत होती’ हे शब्द वहीत नकोत. हात कुठे गेला, तोंड कुठे वळलं, एवढंच. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांचा १९७४ सालचा निरीक्षणपद्धतींवरचा लेख मिळवून वाचा. ठरावीक वेळ एकाच प्राण्यावर डोळा ठेवायचा की दर काही मिनिटांनी सगळा कळप टिपायचा, हे त्यात नीट मांडलंय. नुसतं ‘दिसेल ते लिहिलं’ तर वहीत फक्त मारामाऱ्या येतात. बिया टाकून देणं कोणी लिहीत नाही.

बागेत बसायचं तर बागायतदाराशी बोलणं आलंच. मला पहिलाच प्रश्न आला होता, ‘काय गो चेडवा, माकडां मोजूक इलंस? माजी बाग कोण राखतलो?’ त्यांचं नुकसान खरं असतं, त्यावर पर्यावरणाचं भाषण झोडू नये. चहा घ्यावा, ऐकावं. कळप कुठून येतो, कधी येतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. माकडांना खायला घालायचं नाही, हे मात्र स्वतःला बजावा. आणि माकडताप हलक्यात घेऊ नका. दोडामार्ग-सावंतवाडी भागात त्याने माणसं दगावली आहेत. गोचिडीतून येतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परतल्यावर अंग तपासा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

शिक्षणाचं थोडक्यात. बीएस्सीला प्राणिशास्त्र चालतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठातली वनशास्त्राची पदवीही चालते. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र). दोन्हीकडे चुरस जबरदस्त. ‘आर’ या संगणकभाषेत आकडेमोड शिका. पश्चिम आफ्रिका डोक्यात असेल तर फ्रेंच शिका, गिनी आणि कोत दिव्हारमध्ये तीच चालते. मदतनिसाच्या जागांवर बऱ्याचदा विमानाचा खर्च आपलाच असतो, तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून घ्या. पीतज्वराची लस लागते. आणि साधी सर्दी असली तरी कपींजवळ सोडत नाहीत, कारण माणसाच्या खोकल्याचे विषाणू चिंपांझींच्या जिवावर उठतात.

तोवर घरबसल्या करण्यासारखं काम म्हणजे व्हिडिओ तपासणं. झूनिव्हर्ससारख्या संकेतस्थळांवर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांतली दृश्यं स्वयंसेवक वर्गवारी करून देतात. मी ते खूप केलं. बहुतेक वेळा हलणारी फांदीच असते.

प्राध्यापकांना पत्र लिहाल तेव्हा ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड’ हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात. स्वतःच्या वहीतली दोन पानं तक्त्यासह जोडा आणि त्यावरून पडलेला एक प्रश्न लिहा. खाजगी बागेत बसायला मालकाची परवानगी पुरते. राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो, म्हणून बोंडांचा हंगाम पकडायचा असेल तर अर्ज दिवाळीच्या आधीच टाका.