अतिप्रदानाची वसुली: नोटीस काढण्याआधीचा हिशेब

निवृत्तिवेतनात अतिप्रदान, म्हणजे हक्कापेक्षा जादा रक्कम गेल्याचं, लक्षात आलं की लगेच पुढच्या महिन्यापासून कपात लावायची, या घाईनेच बहुतेक प्रकरणं बिघडतात. चुकीचा दर त्याच महिन्यात थांबवा, मागची वसुली मात्र हिशेब पक्का झाल्यावरच.

आधी पीपीओ (निवृत्तिवेतन प्रदान आदेश) आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम महिनावार जुळवा. नेहमी सापडणाऱ्या चुका दोन. पहिली, अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी आधीच एकरकमी घेतलेली) रक्कम दिली, पण दरमहाची कपात लावायची राहिली. मूळ निवृत्तिवेतन 30,000 आणि अंशराशीकरण 40 टक्के असेल तर महिन्याला 12,000 जादा जातात. 14 महिन्यांचे 1,68,000. यात महागाई वाढ धरू नका, कारण ती कपातीआधीच्या मूळ निवृत्तिवेतनावरच मिळते.

दुसरी चूक किचकट. मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा वाढीव दर ठरावीक काळापुरता असतो, तो पीपीओतल्या तारखेनंतरही चालू राहतो. वाढीव दर 25,000 आणि साधा 15,000 असेल, तर फरक फक्त 10,000 नाही, त्यावरची महागाई वाढही आली. एप्रिल 2024 ला 50 टक्क्यांनी एकूण फरक 15,000, तर ऑगस्ट 2024 ला 53 टक्क्यांनी 15,300. महागाईची थकबाकी नंतर एकरकमी जमा होते, ती तक्त्यात हमखास सुटते.

मग प्रकरण वसुलीयोग्य आहे का ते तपासा. सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह (2014) निकालानुसार गट क आणि ड, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेलं जादा प्रदान यांत वसुली करता येत नाही. खोटी माहिती देऊन पैसे उचललेल्याला हे संरक्षण नाही. जादा रक्कम परत करीन असं वेतननिश्चितीच्या वेळचं वचनपत्र असेल तर त्याच न्यायालयाचा जगदेव सिंग (2016) निकाल वाचा. तिथे वसुली मान्य झाली, पण दोन वर्षांच्या हप्त्यांत. सेवापुस्तकातलं ते वचनपत्र शोधल्याशिवाय फाइल पुढे सरकवू नका.

नोटिशीत चूक कशी झाली त्याचं कारण, कालावधी, महिनावार तक्ता आणि म्हणणं मांडायला मुदत हवीच. नुसता एकूण आकडा पाठवला तर चंदगडचा पेन्शनर कोल्हापूरला खेटे घालतो आणि शेवटी कोर्टात जातो. राज्य कर्मचाऱ्याला त्यासाठी मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी मात्र 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. कच्ची नोटीस आता लवकर उघडी पडेल, आणि ते बरंच आहे.

पेन्शनर वारल्यावर जमा झालेले पैसे असतील तर मयताच्या नावे नोटीस काढू नका. बँकेला मृत्यूची तारीख कळवून खात्यातली शिल्लक मागा. उरलेली रक्कम वारसाच्या देय थकबाकीत समायोजित करायची, तर वारसाला आधी लेखी कळवा.

हप्ता ठरवताना औषधपाणी आणि घरखर्च विचारा. एकरकमी भरणाऱ्याकडून चलनाची प्रत घेऊन फाइलला लावा. 1,68,000 चे 5,000 प्रमाणे 33 हप्ते होतात आणि चौतिसावा 3,000 चा. प्रणालीत तो वेगळा नोंदवला नाही तर 2,000 जास्त कापले जातात आणि ते परत देण्यासाठी नवी फाइल उघडावी लागते.