सकाळी प्राणी, दुपारी सांगाडे: सुट्टीत प्राणिसंग्रहालय आणि निसर्गेतिहास संग्रहालय एकत्र कसे पाहावे

सुट्टीसाठी एखाद्या मोठ्या शहरात गेल्यावर प्राणिसंग्रहालय बहुधा मुलांच्या हट्टामुळे यादीत येते, आणि निसर्गेतिहास संग्रहालय ‘पाऊस आलाच तर पाहू’ म्हणून शेवटी ढकलले जाते. दोन्ही ठिकाणी मग सगळे काही पाहून टाकण्याच्या घाईत पाय दुखेपर्यंत चालणे होते आणि संध्याकाळी लक्षात फारसे काही उरत नाही. माझ्या मते ही दोन्ही ठिकाणे एकाच पाहण्याचे दोन भाग मानावीत: चार-पाचच प्राणी निवडावेत, सकाळी ते जिवंत पाहावेत आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यांचेच सांगाडे पाहावेत. बाकीचे जाता जाता दिसेल तेवढे पुरे.

नियोजनाची सुरुवात साप्ताहिक सुट्टीपासून करावी, कारण सगळा बेत फसतो तो बहुतेक वेळा तिथेच. बर्लिनचे निसर्गेतिहास संग्रहालय सोमवारी बंद असते, तर व्हिएन्नाचे मंगळवारी. कोलकात्यात अलीपूरचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी आणि भारतीय संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणजे एकाच दिवशी दोन्ही पाहायची तर हे दोन्ही वार टाळावे लागतात. वेळापत्रकात बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हेही पाहून ठेवावे. शिवाय ठरावीक वेळेचे ऑनलाइन तिकीट घ्यावे लागते का, विशेष प्रदर्शनाचे तिकीट वेगळे आहे का आणि मोठी बॅग आत नेता येते का, एवढे तपासले की पुरे. दोन्ही ठिकाणे एकमेकांजवळ असतील तर उत्तमच. पॅरिसमधील जार्दें दे प्लांत या उद्यानात 1794 मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय आणि 1898 मध्ये उघडलेले सांगाड्यांचे व जीवाश्मांचे दालन एकाच आवारात आहेत. असा योग थोड्या शहरांतच जुळतो.

कोणते प्राणिसंग्रहालय पाहावे, किंवा पाहावे की नाही, हाही विचार करायला हवा. प्राण्यांना प्रेक्षकांच्या नजरेआड जायला जागा आहे का, चढायला, लोळायला, उकरायला काही आहे का, यावरून बराच अंदाज येतो. एखादा प्राणी एकाच रेषेत सतत येरझारा घालत असेल किंवा मान एकसारखी डोलावत असेल, तर ते सहसा बंदिवासातल्या ताणाचे लक्षण असते. वाघाचे बछडे मांडीवर घेऊन फोटो काढू देणाऱ्या जागा सरळ वगळाव्यात. दुसरीकडे, चांगल्या प्राणिसंग्रहालयांनी काही जाती अक्षरशः वाचवल्या आहेत. अरबी ओरिक्स हे हरिणासारखे दिसणारे पांढरे जनावर 1972 च्या सुमारास निसर्गातून नाहीसे झाले होते, आणि बंदिवासात वाढवलेल्या कळपातून 1982 मध्ये ते ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडण्यात आले. अशी कामगिरी सांगणारा फलक दिसला तर तो थांबून वाचावा.

दार उघडता उघडताच आत शिरावे. बहुतेक सस्तन प्राणी सकाळी आणि उन्हे उतरल्यावर हिंडतात-फिरतात, दुपारी सावलीत आडवे होतात. आत आलेली गर्दी पहिल्याच पिंजऱ्याशी रेंगाळते, म्हणून नकाशा पाहून थेट दूरच्या टोकाला जावे आणि उलट्या क्रमाने परत यावे. सरपटणाऱ्या प्राण्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या शरीराला बाहेरची ऊब लागते, त्यामुळे मगरी आणि घोरपडी ऊन जरा चढल्यावर पाहाव्यात. निशाचर प्राण्यांच्या दालनात दिवस-रात्र उलटी केलेली असते, म्हणजे आपल्या दिवसा तिथे मंद उजेड ठेवतात. तिथे शिरताच ‘काहीच दिसत नाही’ म्हणून लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहाएक मिनिटे एका काचेसमोर उभे राहिले की हलणाऱ्या सावल्यांचे प्राणी होतात. मोबाइलचा पडदा तेवढा वेळ खिशातच राहू द्यावा, आणि फ्लॅश तर कुठेच वापरू नये.

छोटी दुर्बीण सोबत असू द्यावी. गजांऐवजी खंदक ठेवून प्राणी मोकळ्यावर दाखवण्याची पद्धत कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ उघडलेल्या आपल्या प्राणिसंग्रहालयातून रूढ केली. प्राण्यांच्या दृष्टीने ती बरीच बरी, पण प्रेक्षक त्यामुळे लांब राहतो. निवडलेल्या प्रत्येक प्राण्यासमोर किमान पंधरा मिनिटे थांबावे, जमल्यास खाणे देण्याच्या वेळी. जिराफाचेच घ्या. काळपट जांभळी जीभ फांदीभोवती गुंडाळून तो पाने ओढतो, ते सगळ्यांनाच दिसते आणि लोक पुढे जातात. थोडे थांबले तर तो रवंथ करताना दिसतो: चघळून झालेला घास लांब मानेतून खाली उतरतो, क्षणभर जबडा थांबतो, आणि मग कातडीखालून एक फुगीर गोळा गळ्याच्या बुडापासून सरसर वर चढत तोंडापर्यंत येतो. फ्लेमिंगो एका पायावर उभा असेल तर त्याचा पाय कुठे आणि कोणत्या दिशेला वाकतो ते नीट पाहून ठेवावे. हत्ती चालताना जमिनीवर पाऊल कसे टेकवतो तेही पाहावे. या तीन गोष्टी दुपारी कामाला येणार आहेत. जे पाहिले ते दोन ओळींत लिहून ठेवले किंवा ओबडधोबड चित्र काढले तर फोटोपेक्षा जास्त उपयोग होतो.

ऊन तापले की मुक्काम हलवावा. मधे जेवण आणि निदान अर्धा तास बसणे हवेच, कारण संग्रहालयातले उभे राहणे चालण्यापेक्षा थकवते. शाळांच्या सहली सहसा सकाळी येतात, त्यामुळे कामाच्या दिवशी दुपारनंतर दालने बरीच मोकळी होतात.

संग्रहालयात शिरताच डायनासोरकडे धाव घेण्याचा मोह आवरून आधी सस्तन प्राण्यांच्या सांगाड्यांचे दालन शोधावे. तिथे जिराफाच्या मानेचे मणके मोजावेत: ते सातच भरतात, आपल्या मानेत असतात तितकेच. लांबी वाढली आहे ती प्रत्येक मणक्याची. मग एखाद्या पक्ष्याचा सांगाडा गाठून तेच करावे. घुबडाच्या आखूड दिसणाऱ्या मानेत चौदा मणके निघतात, आणि तो डोके मागे कसा वळवू शकतो याचा थोडा उलगडा होतो. हत्तीच्या सांगाड्यात टाच उचललेली दिसते, म्हणजे हे अवाढव्य जनावर जवळजवळ चवड्यांवर चालते. सकाळी पाऊल सपाट वाटले ते टाचेखालच्या चरबीच्या जाड गादीमुळे. त्याच्या कवटीच्या मधोमध दिसणारे मोठे भोक डोळ्याचे वाटते, पण ते नाकाचे असते आणि सोंड तिथूनच निघते. सोंडेत हाड नसल्यामुळे सांगाड्यात तिचा मागमूसही नसतो. फ्लेमिंगोचा ‘गुडघा’ उलटा वाकतो असे सकाळी वाटले असेल, तर सांगाड्यात तो घोटा असल्याचे कळते. खरा गुडघा वर, पिसांच्या आत दडलेला असतो. कासवाची पाठ आतून पाहायला मिळाली तर कवचाला जोडल्या गेलेल्या बरगड्या ओळखता येतात.

देवमाशाच्या सांगाड्याखाली उभे राहिल्यावर सगळे जण जबड्याकडे पाहतात. नजर शेपटीकडे न्यावी. मागच्या भागात, कण्याला न जोडलेली दोन लहान हाडे टांगलेली दिसली तर ती कंबरेच्या हाडांचे अवशेष असतात, त्याच्या पूर्वजांना मागचे पाय होते याची खूण. लंडनच्या संग्रहालयात 1891 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे 25 मीटर लांबीचा सांगाडा 2017 पासून मुख्य दालनात टांगलेला आहे. त्याआधी तिथे डिप्लोडोकस या डायनासोरचा सांगाडा उभा होता आणि लोक त्याच्यासमोर थक्क होऊन उभे राहत. तो मात्र प्लास्टरमध्ये ओतलेली प्रतिकृती होता.

खरे हाड कोणते आणि प्रतिकृती कोणती, हे फलकावर बहुधा लिहिलेले असते, फक्त अक्षर बारीक असते. प्रतिकृती म्हणजे फसवणूक असे मानू नये. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील ‘स्यू’ या टायरॅनोसॉरसच्या सांगाड्यावर कवटीची हलकी प्रतिकृती बसवली आहे, कारण खरी कवटी फार जड आहे. ती वेगळ्या पेटीत ठेवलेली असल्याने उलट अधिक जवळून पाहता येते. डोडोचा पेंढा भरलेला पूर्ण नमुना तर जगात कुठेच उरलेला नाही, काचेआड दिसतो तो दुसऱ्या पक्ष्यांची पिसे लावून घडवलेला पुतळा. फलकावर ‘होलोटाइप’ असा शब्द आढळला तर मात्र जरूर थांबावे. त्या जातीचे शास्त्रीय वर्णन ज्या एका नमुन्यावर आधारलेले आहे तो हाच, आणि असे नमुने बहुतेक वेळा कोठारातच कुलूपबंद असतात.

पेंढा भरलेले प्राणी जुनाट वाटून अनेक जण तिथून भरभर निघतात. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले 1936 मध्ये खुले झालेले आफ्रिकी सस्तन प्राण्यांचे दालन पाहिले की हे मत बदलते. तिथली प्रत्येक देखावापेटी, म्हणजे पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या परिसरासह काचेआड मांडलेला देखावा, एका प्रत्यक्ष ठिकाणाची असते. चित्रकारांनी जागेवर जाऊन केलेल्या रेखाटनांवरून मागची डोंगररांग रंगवलेली असते. अशा पेटीत प्राणी शेवटी पाहावा. आधी जमीन, पाणी, पाने आणि उजेड पाहून दिवसाची कोणती वेळ आहे ते ओळखावे. अशा दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण प्रकाशाने केस आणि पिसांचे रंग उडतात.

मुले सोबत असतील तर दोन्ही ठिकाणे एका दिवसात कोंबू नयेत. संग्रहालय दुसऱ्या दिवशी ठेवावे आणि ‘काल पाहिलेला प्राणी शोध’ एवढेच काम मुलांवर सोपवावे. ऐन सकाळी पाऊस लागला तर क्रम बिनदिक्कत उलटा करावा. सांगाडे आधी पाहिले तरी चालतात, आणि पाऊस ओसरल्यावर प्राणिसंग्रहालयात गर्दी नसते, हवा गार असते आणि एरवी आडोशाला झोपलेली जनावरे पुष्कळदा बाहेर आलेली असतात.