मूल पाहिलंस का? बालसंरक्षणाच्या कामासाठी विद्यार्थी तयार करताना

समाजकार्याचा विद्यार्थी पहिल्या गृहभेटीवरून परतला की मी आधी एवढंच विचारते: मूल पाहिलंस का? बहुतेक जण लगेच "हो" म्हणतात. मग विचारते, त्याच्या पायात काय होतं? तू आत आलास तेव्हा त्याने कोणाकडे पाहिलं? तुझ्याशी काय बोललं? इथे गाडी अडते. वहीत आईचं म्हणणं दोन पानं असतं, वडिलांच्या नोकरीची अडचण एक पान, शेजाऱ्यांची तक्रार अर्धं पान, आणि मुलाविषयी एक ओळ: "मूल घरी होते, ठीक वाटले."

ही ओळ मीही लिहिलेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरी मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा धाकटा झोपलेला होता. आजी इतक्या मायेने बोलायच्या की झोपलेल्या लेकराला उठवा म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. चौथ्या भेटीला माझ्याबरोबर वरिष्ठ ताई आल्या. त्या म्हणाल्या, "काही घाई नाही, तो उठेपर्यंत आम्ही बसतो." चाळीस मिनिटांनी त्याला बाहेर आणलं. डावा हात तो वापरतच नव्हता. कोपराजवळचं हाड मोडून काही आठवडे झाले होते. म्हणजे माझ्या आधीच्या भेटींच्या वेळी तो दाराच्या पलीकडे तसाच पडून होता. मी शिकवायला लागले तेव्हा अभ्यासक्रमाची सुरुवात व्याख्यांपासून न करता या प्रश्नापासून केली.

आधी लिहायला शिकवा

कायदा, बालविकास, आसक्तीचे सिद्धांत (म्हणजे मूल सांभाळणाऱ्या माणसाशी कसं जोडलं जातं) हे सगळं शिकवायचंच. मुलाला धोका असल्याचं कळल्यावर कुणाला, किती वेळात कळवायचं, हे तर विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पण माझा पहिला महिना नोंदवहीवर जातो. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे "पाहिलं, ऐकलं", उजवीकडे "मला वाटलं". डाव्या बाजूला "निष्काळजी", "अस्वच्छ", "सहकार्य न करणारी" असले शब्द आले की मी ते खोडते.

एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "आई निष्काळजी आहे." मी तिला दुपार पुन्हा आठवायला लावली. मग लिहिलं गेलं: "दुपारी 12 वाजता चार वर्षांचा मुलगा घरात एकटा. दाराला बाहेरून कडी. आई 12.40 ला कामावरून धावत आली. मुलाने तिला मिठी मारली. आई म्हणाली, सांभाळायला कुणी नाही." दोन्ही नोंदींमधलं मूल तेच आहे आणि धोकाही तितकाच आहे, कारण कडी लावलेल्या घरात आग लागली तर ते मूल बाहेर पडू शकत नाही. पण पहिल्या नोंदीवरून खटला उभा राहतो, दुसरीवरून पाळणाघराची सोय. म्हणून प्रत्येक दुर्लक्षाच्या प्रकरणात मी उजव्या रकान्यात हे लिहायला लावते: या घराला पैसे आणि मदतीचे दोन हात मिळाले, तर ही गोष्ट सुटेल का? उत्तर "हो" असेल तर आपण गरिबीकडे बघतो आहोत आणि तिला गुन्ह्याचं नाव देतो आहोत.

एक प्रकरण नीट, सावकाश वाचा

दहा प्रकरणं वरवर सांगण्यापेक्षा मी एकच घेते आणि दोन आठवडे त्यातच राहते: व्हिक्टोरिया क्लिम्बिए. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेल्या या मुलीला तिच्या वडिलांची आत्या चांगल्या शिक्षणाचं आमिष दाखवून युरोपात घेऊन गेली. फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, छळाने तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात 128 वेगवेगळ्या जखमांच्या खुणा मोजल्या गेल्या. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2003 मध्ये आला. तिला वाचवण्याच्या निदान बारा संधी यंत्रणांच्या हातून निसटल्या, असं त्यात म्हटलं आहे.

विद्यार्थ्यांना मी या प्रकरणातला एकच धागा पकडायला सांगते: "खरूज" हा शब्द. पहिल्यांदा रुग्णालयात आणलं तेव्हा एका डॉक्टरला मारहाणीचा संशय आला होता. वरिष्ठ डॉक्टरांनी खुणा खरुजेच्या ठरवल्या. मग तो शब्द एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात राहिला. काही दिवसांनी ती भाजलेल्या डोक्याने दुसऱ्या रुग्णालयात आली, तेव्हा खाज थांबावी म्हणून तिनेच अंगावर गरम पाणी ओतून घेतलं असं आत्याने सांगितलं. खरूज लागेल या भीतीने घरी जायचंही टाळलं गेलं. आणि शेवटी वर्गात शांतता पसरते ती याने: कागदोपत्री तिला सगळे "ॲना" म्हणत होते. ते तिचं नावच नव्हतं. दुसऱ्या मुलीच्या पासपोर्टवर तिला आणलं होतं.

यानंतर ब्रिटनमधल्या समाजकार्याच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांचा अभ्यास शिकवला की तो डोक्यात राहतो. 1973 ते 1994 या काळात ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेले 45 चौकशी अहवाल त्यांनी तपासले. माणसं पहिल्या मताला चिकटून राहतात आणि नवी माहिती त्याच मतात बसवत जातात, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. त्यावरचा माझा उपाय साधा आहे. विद्यार्थ्याने मत मांडलं की त्याच कागदावर लिहायचं, "मी चुकत असेन तर मला काय दिसेल?" आणि पुढच्या भेटीत मुद्दाम तेच शोधायचं.

दार उघडण्याआधीची तालीम

गृहभेटीची तालीम खुर्च्या मांडून करा. पालकाच्या भूमिकेत विद्यार्थी नको, कामातला अनुभवी माणूस बसवा. विद्यार्थी एकमेकांना लवकर सूट देतात. अनुभवी माणूस कधी आरडाओरडा करतो, कधी रडतो, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कधी फार गोड वागतो. गोड वागणाऱ्या पालकासमोर "मला मुलाला भेटायचं आहे, ते झोपतं ती खोली बघायची आहे" हे वाक्य नव्वद टक्के नाही, पूर्ण म्हणता आलं पाहिजे. मी ते मोठ्याने, उभं राहून, दहादा म्हणायला लावते. पहिल्यांदा आवाज चिरकतो. सातव्या-आठव्या वेळी त्यातला आर्जव जातो आणि आदर तेवढा उरतो.

इथे पीटर कॉनेलीबद्दल सांगते. लंडनमधलं हे 17 महिन्यांचं बाळ ऑगस्ट 2007 मध्ये गेलं. त्याआधी काहीच दिवस सामाजिक कार्यकर्ती घरी आली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या जखमा चॉकलेट माखून झाकल्या होत्या. मूल समोर होतं, तरी दिसलं नाही. म्हणून तोंड पुसायला सांगणं, हात हातात घेणं, चालायला लावणं हेही तालमीत असतं.

मुलाशी बोलणं

मुलाची सविस्तर मुलाखत घेणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे, विद्यार्थ्याचं नाही. पण मुलं वेळ बघून बोलत नाहीत. विद्यार्थी चित्र काढायला बसतो आणि मूल सहज काहीतरी सांगून टाकतं. त्या पाच मिनिटांसाठी तयारी हवी.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. द्यायची सवय नसलेल्यालाही ते त्या क्षणी द्यावंसं वाटतं, म्हणून पर्यायी वाक्य तोंडपाठ हवं: "तुला सुरक्षित ठेवायला मदत करतील अशा माणसांना मला सांगावं लागेल. कुणाला सांगते ते मी तुला आधी सांगेन." चेहऱ्यावर धक्का दिसू द्यायचा नाही, ज्याचं नाव घेतलं त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. प्रश्न उघडा ठेवायचा: "मग काय झालं?", "त्याबद्दल आणखी सांग." उत्तर मिळालं की थांबायचं. नंतर मुलाचे शब्द आणि आपले प्रश्न दोन्ही जसेच्या तसे लिहायचे. मूल अवयवाला घरातला शब्द वापरत असेल तर तोच शब्द, सभ्य करून नाही. घरातला माणूस किंवा भावंड दुभाष्या म्हणून चालणार नाही.

हे इतकं ताणून सांगते, कारण चुकीच्या प्रश्नांनी काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीच्या प्रकरणात दिसलं. 1983 मध्ये मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप सुरू झाले, शेकडो मुलांशी बोललं गेलं, बाहुल्या हातात देऊन उत्तरं सुचवली गेली. 1990 मध्ये खटले संपले तेव्हा एकालाही शिक्षा झालेली नव्हती. त्या मुलांचं खरं काय होतं, ते आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी जी मुलाखतपद्धत घडवली, तिच्यात मुलाला आधीच सांगतात की माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हण आणि मी चुकले तर मला सांग. मग एखाद्या साध्या प्रसंगावर बोलण्याचा सराव करून घेतात आणि त्यानंतरच मुद्द्याकडे येतात.

वर्गात यासाठी दोन मिनिटांची चित्रफीत वापरा. जोडीतला एक जण ती बघतो, दुसरा फक्त प्रश्न विचारून काय घडलं ते काढतो. बोलणं ध्वनिमुद्रित करा, उतरवून घ्या आणि प्रश्नांना रंग द्या: उघडे हिरवे, नेमके पिवळे, उत्तर सुचवणारे लाल. आपण किती लाल विचारले ते बघून चांगले चांगले विद्यार्थी गप्प होतात. तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

जखमांबद्दल थोडंच. निदान डॉक्टर करतील, विद्यार्थ्याने शंका ओळखायची. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ असेल, तर कळवायला थांबायचं नाही. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे सांगता येत नाही. आणि पाठीच्या खालच्या भागावरचा निळसर जन्मखुणेचा डाग वळासारखा दिसतो, म्हणून शरीराच्या आकृतीवर जागा आणि माप नोंदवा, निष्कर्ष नको.

मूल घरातून हलवणं

नव्या विद्यार्थ्यांना मूल हलवणं म्हणजे वाचवणं वाटतं. त्यांना मी बुखारेस्टचा अभ्यास दाखवते. रुमानियातल्या अनाथालयांसारख्या संस्थांमधल्या 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, त्यांचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धीची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि जी लवकर गेली त्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा "कुठून काढायचं" याबरोबर "कुठे ठेवायचं" हा प्रश्न त्याच कागदावर हवा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराच्या कलम 12 नुसार मुलाचं मतही हवं. बारा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली होती, "सगळे विचारतात काय झालं. काय हवंय ते कुणी विचारत नाही." मी तिला विचारलं. तिला धाकट्या बहिणीच्या शेजारी झोपायचं होतं. ते जमलं.

विद्यार्थ्याला सांभाळणं

दर आठवड्याला एक तास, ठरलेल्या वेळी, दार बंद करून. आधी प्रकरण, मग माणूस. कुणाचा राग आला, कोणत्या घरी जायला पाय जड झाले, कुठला आवाज रात्री आठवला. हे सांगणं कमकुवतपणा नाही, ती माहिती आहे: ज्या घराची भीती वाटते, तिथेच भेटी आखूड होतात. वर्गात कुणीतरी स्वतः असं बालपण काढलेलं असतंच. मी पहिल्या दिवशीच सांगते की कुणीही काही उघड करायची गरज नाही, पण एखादं प्रकरण जड जात असेल तर कारण न देता मागे घेता येईल, आणि त्याचा गुणांवर परिणाम होणार नाही.

एकट्याने पहिल्या भेटीला पाठवण्याआधी मी तिघांची नावं लिहून घेते: अडचण आली तर त्या क्षणी कुणाला फोन करायचा. परतायची वेळ ठरवते. त्या वेळेला मी फोनजवळ असते. आणि विद्यार्थी परत येऊन बसला, पाणी प्यायला, की वही उघडायच्या आधी विचारते.