राग गेला नसेल तर प्रार्थना कशी करायची
ज्याच्यावर राग आहे त्याचा चेहरा नेमका प्रार्थनेला डोळे मिटले की समोर येतो, मग आपण घाईघाईत आमेन म्हणून उठतो. तसं करू नका. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋणं सोडण्याच्या, म्हणजे अपराधांची क्षमा करण्याच्या ओळीला (बायबलमधलं मत्तय 6:12) थांबा, त्या माणसाचं नाव घ्या, जाऊबाई असो नाहीतर ऑफिसातला बॉस, आणि सरळ सांगा की प्रभू मला जमत नाहीये, तूच मदत कर. गोडगोड बोलायची गरजच नाही, बायबलमधलं स्तोत्र 13 तर सुरूच देवाकडच्या तक्रारीने होतं, सहाच वचनं आहेत, मोठ्याने वाचा. आणि हो, क्षमा केली म्हणजे पैसे बुडवणाऱ्याला पुन्हा उसने द्यायचे किंवा घरातली मारहाण गप्प सोसायची असं अजिबात नाही, तिथे पाळकसाहेबांना किंवा विश्वासातल्या कुणाला तरी सांगायचंच, प्रार्थना चालू ठेवून.