व्हिडिओ बघून टीएलएस, एसएसएच, आयपीसेक शिकायचंय? शेजारी वायरशार्क उघडा

डिप्लोमा करून आमच्याकडे नव्यानं लागलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, नेटवर्क सिक्युरिटीसाठी कुठलं चॅनल बघू?" सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेचं नेटवर्क मी सांभाळते. शाखांना मुख्य कार्यालयाशी जोडणारे टनेल, फायरवॉल, एटीएमच्या लाइन हे माझं रोजचं काम. चॅनलची नावं मी सांगते, पण एक अट घालून: अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यावर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे संदेश पकडून दाखवणारा फुकट प्रोग्राम. प्रोटोकॉल म्हणजे दोन मशीनमधला ठरलेल्या पद्धतीचा संवाद, आणि तो तुमच्या लॅपटॉपवर या क्षणीही चालू आहे. सर फळ्यावर बाण काढत असताना तेच बाण स्वतःच्या केबलमधून जाताना बघता येतात, मग नुसतं ऐकत का बसायचं?

व्हिडिओ निवडताना आधी त्याची तारीख बघा. गणिताचा भाग कितीही जुना असला तरी चालतो. डिफी-हेलमन (दोघांनी उघड्यावर बोलून गुपित किल्ली ठरवण्याची पद्धत) १९७६ मधलं आहे आणि त्यातलं गणित आजही तेच आहे. त्यासाठी एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी खरगपूरच्या देबदीप मुखोपाध्याय सरांचा क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सिक्युरिटीचा कोर्स आहे. प्राध्यापक क्रिस्टोफ पार यांनी जर्मनीत बोखुमच्या रुहर विद्यापीठात दिलेली इंग्रजी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत, फळ्यावर एकेक पायरी लिहीत शिकवतात. दोन्ही फुकट. इंग्रजी अंगवळणी नसेल तर सबटायटल लावा आणि वेग पाऊणपट करा, त्यात कमीपणा काही नाही. दीडपट वेगानं बघितलेलं क्रिप्टोग्राफीचं लेक्चर दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

प्रोटोकॉलच्या व्हिडिओचं मात्र वेगळं आहे. टीएलएस म्हणजे वेबसाइटशी होणारा संवाद कुलूपबंद करणारा प्रोटोकॉल. त्याची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या व्हिडिओत १.२ दिसणार, आणि ते बघून तुम्ही स्वतःच्या स्क्रीनकडे पाहिलंत की काहीच जुळणार नाही. टीएलएसचा जुना अवतार एसएसएल ३.० वर २०१५ मध्ये आणि टीएलएस १.० व १.१ वर २०२१ मध्ये अधिकृतपणे काट मारली गेली. अजूनही "एसएसएल हँडशेक" (हँडशेक म्हणजे जोडणीच्या सुरुवातीची बोलणी) म्हणून जुनीच आकृती दाखवणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात.

आता प्रत्यक्ष बसा. टीसीपीचा तीन पावलांचा हँडशेक, आयपी, पोर्ट, डीएनएस एवढं पक्कं नसेल तर आधी तेवढं करा. मग वायरशार्क इन्स्टॉल करा (विंडोजवर सोबत पॅकेट पकडणारं एनपीकॅप येतं, तेही घ्या) आणि कॅप्चर सुरू करून ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडा. फिल्टरच्या पट्टीत नुसतं टीएलएस टाइप केलं तरी पुरे. यूट्यूबचाच व्हिडिओ पकडायला गेलात तर कदाचित टीसीपी ४४३ वर फारसं काही सापडणार नाही, कारण तो बहुधा क्विक नावाच्या नव्या प्रोटोकॉलवरून, म्हणजे यूडीपी ४४३ वरून येत असतो. सुरुवातीला क्विक बाजूला ठेवा. कमांड प्रॉम्प्टवरून कर्ल (आज्ञा टाइप करून साइट मागवणारा प्रोग्राम) वापरून साइट मागवा, म्हणजे एकच स्वच्छ संवाद हाती लागतो.

पहिला संदेश क्लायंट हॅलो. तो उलगडा आणि नीट वाचा, कारण बहुतेक मुलं इथेच अडकतात. बाहेरच्या रेकॉर्डमध्ये आवृत्ती लिहिलेली असते टीएलएस १.०. आत हँडशेकमध्ये लिहिलेलं असतं टीएलएस १.२, कोड ०३०३. आणि ब्राउझर तर १.३ बोलतोय! खरी आवृत्ती खाली एक्स्टेन्शनच्या यादीत, सपोर्टेड व्हर्जन्स या नावाखाली ०३०४ अशी सापडते. असं का? वाटेतली कित्येक जुनी उपकरणं अनोळखी आवृत्ती दिसली की कनेक्शनच तोडायची, म्हणून १.३ ला बाहेरून १.२ सारखं दिसावं लागलं. सर्व्हर हॅलो या उत्तरानंतर येणारा चेंज सायफर स्पेक हा संदेशही त्याच सोयीसाठी आहे, १.३ मध्ये त्याला दुसरं काम नाही.

दुसरी अडचण सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची. जुन्या व्हिडिओत सर सर्व्हर हॅलोच्या खाली सर्टिफिकेट उघडून दाखवतात. तुमच्याकडे तिथे फक्त ॲप्लिकेशन डेटा असं लिहिलेलं येतं. तुमचं काही चुकलेलं नाही. १.३ मध्ये सर्व्हर हॅलोनंतरचं सगळं (तो नावापुरता चेंज सायफर स्पेक सोडून), सर्टिफिकेटसकट, एन्क्रिप्ट होऊन येतं. कर्लला टीएलएस-मॅक्स १.२ हा पर्याय देऊन तीच साइट पुन्हा मागवा. आता सर्टिफिकेट उघडं दिसेल. हे दोन कॅप्चर शेजारी ठेवून बघितले की १.३ मध्ये नेमकं काय बदललं ते डोळ्यांसमोर येतं. कोणत्याही लेक्चरनं ते मला इतकं स्पष्ट दाखवलेलं नाही.

१.३ च्या आत डोकावायचं असेल तर एसएसएलकीलॉगफाइल (SSLKEYLOGFILE) नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधली एक सेटिंग, तयार करा, सगळी अक्षरं कॅपिटल आणि मध्ये जागा नाही. त्याला एका फाइलचा पत्ता द्या (ब्राउझर त्या फाइलमध्ये किल्ल्या लिहितो), क्रोम किंवा फायरफॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि वायरशार्कच्या टीएलएस सेटिंगमध्ये तीच फाइल दाखवा. कुलूप उघडतं. सराव झाला की व्हेरिएबल काढा आणि फाइल पुसा. ती फाइल आणि कॅप्चर दोन्ही कुणाच्या हाती लागले तर त्या वेळचं तुमचं सगळं ब्राउझिंग त्याला वाचता येईल.

व्हिडिओत की एक्स्चेंज (म्हणजे तेच डिफी-हेलमन) आलं की पॉज करून वही घ्या. मूळ संख्या २३, पाया ५. एकाचं गुपित ४, तो ५ चा चौथा घात करून २३ नं भागतो, बाकी ४ पाठवतो. दुसऱ्याचं गुपित ३, तो १२५ ला भागून १० पाठवतो. पहिला १० चा चौथा घात करतो, दुसरा ४ चा तिसरा. भागल्यावर दोघांकडे बाकी येते १८. वाटेत ऐकणाऱ्याला २३, ५, ४ आणि १० दिसले, पण १८ कुणी पाठवलेलंच नाही. एकदा हातानं हे केलं की कॅप्चरमधल्या की शेअरकडे, म्हणजे दोघांनी पाठवलेल्या संख्यांकडे, बघण्याची नजर बदलते.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावून सांगते. कॅप्चर फक्त स्वतःच्या मशीनचं आणि स्वतःच्या नेटवर्कचं करायचं. कॉलेजचं वाय-फाय, लॉजचं वाय-फाय, ऑफिसची लाइन यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बँकेत काम करायचं असेल तर ही शिस्त आधी लागते.

टीएलएसमधून पुढे कधी सरकायचं? कोऱ्या कागदावर सगळे संदेश क्रमानं लिहिता आले आणि प्रत्येकापुढे "बाहेरच्याला दिसतं" की "दिसत नाही" हे न बघता लिहिता आलं, की सरका. मग एसएसएच घ्या, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचा प्रोटोकॉल. फिनलंडमध्ये तातू युलेनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये ते लिहिलं. पहिल्यांदा जोडताना फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या किल्लीची छोटी खूण) दाखवून विचारलेला प्रश्न न वाचता "यस" म्हणू नका, दाखवलेला फिंगरप्रिंट सर्व्हरच्या खऱ्या फिंगरप्रिंटशी ताडून बघा. एसएसएचची सुरक्षितता पुष्कळशी त्या एका उत्तरावर उभी असते.

आयपीसेक, म्हणजे दोन नेटवर्कमध्ये एन्क्रिप्ट केलेला टनेल बांधणारा प्रोटोकॉल, मला सगळ्यात जवळचं. दोन लिनक्स व्हर्च्युअल मशीन घेऊन त्यांवर स्ट्राँगस्वान हे आयपीसेकचं सॉफ्टवेअर टाका आणि टनेल ठरवणाऱ्या आयकेईव्ही२ प्रोटोकॉलचे चार संदेश पकडा. पहिले दोन यूडीपी ५०० वर जातात. मध्ये नॅट (वाटेत आयपी पत्ता बदलण्याची सोय) आहे असं लक्षात आलं तर तिसऱ्यापासून संवाद ४५०० वर जातो. म्हणून एखाद्या शाखेचा टनेल उठत नसेल, पहिल्या दोन संदेशांची देवाणघेवाण नीट होत असेल आणि तिसऱ्याला उत्तरच येत नसेल, तर पासवर्ड बदलत बसण्याआधी वाटेत ४५०० कुणी अडवलाय का ते बघा. व्हिडिओत ही ओळ सर एका श्वासात बोलून पुढे जातात. तिथे थांबा, मागे घ्या, स्वतःच्या दोन मशीनमध्ये ४५०० मुद्दाम बंद करून बघा.

वाय-फायचे प्रोटोकॉल शेवटी ठेवा. तिथे कॅप्चरसाठी मॉनिटर मोड (हवेतली वाय-फायची सगळी पॅकेट ऐकण्याची सोय) चालणारं ॲडॉप्टर लागतं, ते सगळ्या लॅपटॉपमध्ये नसतं, आणि आधीचे तीन नीट झाले असतील तर डब्ल्यूपीए२ चा चार पावलांचा हँडशेक तुम्हाला फार वेळ घेणार नाही.