वाइनची द्राक्षं आणि बदलतं हवामान: या चुका टाळा

फ्रान्समधल्या बोन गावच्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून नोंदलेल्या आहेत. १९८८ नंतर तिथली तोडणी आधीच्या शतकांच्या मानाने जवळपास दोन आठवडे अलीकडे सरकली आहे. तरीही तारीख बघून तोडणी ठरवायची सवय काही सुटत नाही.

त्याहून महाग पडते ती नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्केवारीवर, विसंबण्याची चूक. कडक उन्हात साखर भराभर चढते, पण बिया हिरव्या आणि टॅनिन (साल-बियांतलं तुरट द्रव्य) कच्चंच राहतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायच्या यंत्रावर) २४ दिसले म्हणून घड उतरवले, तर लाल वाइन जिभेला तुरट लागते. बिया पिकेपर्यंत थांबावं, तर ब्रिक्स २७ वर जातो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे वाइन पंधराच्या पुढे. मग यीस्ट दमतं आणि किण्वन मध्येच अडकतं. त्यामुळे मणी चावून बघा. बी तपकिरी झाली का? दाताखाली कडकन फुटते का?

सोबत पीएच मोजाच; हा आकडा चढला म्हणजे रसाची आंबटाई उतरली. द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक उबदार रात्रींत झपाट्याने घटतं, टार्टारिक बरंचसं टिकतं. पीएच ३.८ च्या आसपास गेला की सल्फाइटची (वाइन टिकवणाऱ्या द्रव्याची) नेहमीची मात्रा पुरत नाही. आम्लता वाढवायची तर टार्टारिक शक्यतो किण्वनाआधी घाला.

पानांची सरसकट विरळणी ही थंड प्रदेशातली सवय. दुपारचं ऊन येतं त्या बाजूची पानं राखा. ३५ अंशांपुढे लाल जातींचा रंग नीट भरत नाही, मणी भाजतात ते वेगळंच.

‘आता उष्णता वाढली, हिमदवाची काय भीती?’ हा भ्रमही काढून टाका. उबदार हंगामात वेलीचे डोळे (कोंब) लवकर फुटतात आणि उशिरा आलेली थंडी कोवळी फूट जाळते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये नेमकं हेच झालं. छाटणी थोडी लांबवली तर फूटही लांबते.

वणव्याच्या धुराचा दोष मणी खाऊन कळेलच असं नाही. धुरातली संयुगं साखरेशी बांधली जातात आणि किण्वनात सुटतात. थोडे घड आधी बादलीत आंबवून चाखा.

आणि घाबरून अख्खी बाग उपटू नका. फ्रान्सच्या बोर्दो या वाइनप्रदेशाने २०२१ मध्ये सहा नव्या जातींना मान्यता दिली, तीही बागेच्या फक्त ५ टक्के क्षेत्रापुरती.